चार जीबीचा छोटा लॅपटॉप आणि शाळेचं काम

पत्र

नमस्कार. मी अकोले तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. २०२१ मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा मुलीच्या ऑनलाइन वर्गासाठी अकरा इंची लॅपटॉप घेतला होता. सेलेरॉन एन ४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. मुलगी आता कॉलेजला गेली आणि लॅपटॉप माझ्याकडे आला. त्यात विंडोज ११ आहे. चालू करून मी पोळ्या लाटायला घेते, तीन-चार पोळ्या होतात तेव्हा कुठे काम करण्याजोगा होतो. जागा संपल्याचा निरोप रोज येतो. दुकानदार म्हणतो, पाचशे रुपये द्या, विंडोज ७ चं हलकं व्हर्जन टाकून देतो. शाळेतले सर म्हणतात क्रोम ओएस फ्लेक्स टाका. भाचा इंजिनीअरिंगला आहे, तो लिनक्स म्हणतो. माझं काम म्हणजे मराठी प्रश्नपत्रिका, निकालपत्रकाची एक्सेल, यू-डायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर भरायची शाळेची आणि मुलांची माहिती, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि मुलांना दाखवायचे व्हिडिओ. जुन्या प्रश्नपत्रिका ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये आहेत. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. मुलीची फी भरायची असल्यामुळे नवीन लॅपटॉप आत्ता शक्य नाही. काय टाकू? आणि लिनक्स मला जमेल का?

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. जमेल. तुम्ही एका वर्गात दोन-दोन इयत्ता सांभाळता, निकालाच्या रकान्यांत सूत्रं घालता, ओटीपीची वाट बघत यू-डायसची माहिती भरता. हे ज्यांना जमतं त्यांना लिनक्स मिंट जमतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची मोफत प्रणाली, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. पडद्यावर डावीकडे खाली मेन्यू असतो, उजवीकडे खाली घड्याळ आणि वायफाय असतं, आणि मधल्या पट्टीत उघडलेली कामं दिसतात. पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटेल. आठवड्याभरात डबे कुठे आहेत ते हाताला कळेल.

तुमच्या लॅपटॉपसाठी माझं उत्तर लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती, हे आहे. पण नुसतं नाव सांगून थांबले तर पुढच्या महिन्यात चौथं कुणी चौथं नाव सुचवेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल. म्हणून आधी तुमच्या लॅपटॉपचं दुखणं नेमकं कुठे आहे ते बघू.

एन ४०२० हा इंटेलने २०१९ च्या अखेरीस आणलेला प्रोसेसर. दोनच कोअर, आणि विजेचा खर्च ६ वॉटचा. नेहमीच्या लॅपटॉपमधले प्रोसेसर १५ वॉटच्या आसपासचे असतात. म्हणजे हा मुद्दाम कमी खाणारा, कमी तापणारा, बॅटरी पुरवून वापरणारा प्रोसेसर आहे. धावपटू नाही, पण प्रश्नपत्रिका टाइप करायला आणि व्हिडिओ बघायला तो अजिबात कमी पडत नाही. अडचण रॅमची आणि स्टोरेजची आहे. रॅम म्हणजे ओटा, स्टोरेज म्हणजे फडताळ. तुमचा ओटा चार जीबीचा. त्यावर विंडोज ११ नुसतं उभं राहिलं की साधारण दोन ते अडीच जीबी जागा जाते. मग ब्राउझर उघडायचा. व्हॉट्सअ‍ॅप वेबचा एक टॅब दोन-तीनशे एमबी सहज घेतो, यूट्यूबचा तेवढाच, यू-डायसचा वेगळा. ओटा भरला की मशीन सामान उचलून फडताळात ठेवायला लागतं आणि लागेल तसं परत काढतं. तुमचं फडताळ आहे ईएमएमसी जातीचं, म्हणजे मोबाइलमध्ये वापरतात त्या प्रकारची चिप. एक मोठी फाइल सलग वाचायला ती ठीक असते. बारीकसारीक शंभर गोष्टी एकदम ठेवायच्या-काढायच्या म्हटलं की तिचा जीव निघतो. तुमच्या तीन-चार पोळ्या तिथे लाटल्या जातात.

विंडोज ११ ला किमान किती हवं याचे मायक्रोसॉफ्टने दिलेले आकडे आहेत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. तुमचा लॅपटॉप दोन्हीकडे बरोबर त्या रेघेवर आहे. पस्तीस गुणांवर पास झालेलं मूल तुम्ही ओळखता. नापास नाही, पण पुढच्या वर्गात प्रत्येक तासाला त्याची दमछाक होते. लॅपटॉप बिघडलेला नाही, त्याच्या पाठीवरचं दप्तर त्याला जड झालंय.

मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालू होऊन शांत उभी असते तेव्हा साधारण सातशे ते नऊशे एमबी घेते. म्हणजे ओट्यावर दीड जीबीच्या आसपास जागा मोकळी होते. तुम्हाला मिळणार आहे ते एवढंच, आणि ते पुरेसं आहे. लिनक्स टाकलं म्हणून प्रोसेसर वेगवान होत नाही. ब्राउझरचे पंधरा टॅब उघडलेत तर मिंटवरसुद्धा तीच रखडपट्टी होईल, कारण खरा खादाड ब्राउझर आहे आणि तो सगळीकडे सारखाच खातो. तीन-चार टॅब, एक प्रश्नपत्रिका, एक निकालपत्रक एवढं एका वेळी उघडं ठेवलंत तर हा लॅपटॉप तुम्हाला आणखी काही वर्षं साथ देईल.

आता दुकानदाराचं. ताई, ते पाचशे रुपये देऊ नका. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० ला बंद झालं. क्रोम ब्राउझरनेही २०२३ च्या सुरुवातीला त्याची साथ सोडली, १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीसाठी विंडोज ७ चे अधिकृत ड्रायव्हरही, म्हणजे मशीनचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, नाहीत, त्यामुळे पडदा नीट दिसेल का, यूएसबी चालेल का, इथून प्रश्न सुरू होतात. आणि ‘हलकं व्हर्जन’ म्हणजे कुणीतरी अनोळखी माणसाने आतलं काही काढून, काही घालून, परवान्याचं कुलूप तोडून वाटलेली प्रत. काय काढलं ते कधीतरी दिसतं, काय घातलं ते दिसत नाही. तुमचा एकटीचा लॅपटॉप असता तरी मी नको म्हटलं असतं. पण तुम्ही त्यावरून यू-डायस भरता. पोरांची नावं, जन्मतारखा, आधारचे तपशील, पालकांचे फोन नंबर तुमच्या हातून जातात. ज्या आईबापांनी विश्वासाने ते कागद तुमच्याकडे दिले, त्यांची माहिती कुणी छेडछाड केलेल्या मशीनवर उघडायची नाही. या एका मुद्द्यावर मला कसलीच तडजोड चालणार नाही, आणि तुम्हालाही चालणार नाही याची मला खात्री आहे.

विंडोज १० वर परत जावं का, असंही कुणी सुचवेल. त्याचाही नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. मागे जाण्यात अर्थ नाही.

तुमच्या सरांचा सल्ला मात्र विचारपूर्वक दिलेला आहे. क्रोम ओएस फ्लेक्स ही ब्राउझरभोवती बांधलेली प्रणाली गूगलने २०२२ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुली केली. तिला ४ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेज लागतं, म्हणजे तुमच्या मशीनवर ती बसू शकते. झटकन चालू होते आणि स्वतःला आपोआप अपडेट करते. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये आणि ज्यांच्याकडे वायफाय अखंड, त्यांना मी तेच सांगते. पण तुमचं इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं आहे आणि अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात रेंज कशी येते-जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. क्रोम ओएस फ्लेक्समध्ये नेटशिवाय लिहिता येतं, पण त्याची तयारी आधी करून ठेवावी लागते आणि सगळा भर गूगलच्या खात्यावर असतो. आणखी एक गैरसमज इथे होतो. हे क्रोमबुकवरच्या प्रणालीसारखं दिसतं म्हणून लोक समजतात की प्ले स्टोअरवरची मोबाइल अ‍ॅप चालतील. फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर नाही. रात्री साडेनऊला लाइट नाही, नेट नाही, आणि उद्याची चाचणी लिहायची आहे, अशा वेळी लॅपटॉपच्या पोटात पूर्ण लेखनसाधन हवं. मिंटमध्ये लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी मोफत साधनं, आधीपासून असतं.

भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, फक्त अपुरं आहे. ‘लिनक्स’ म्हणजे ‘तांदूळ’ म्हटल्यासारखं झालं. कोणता, ते सांगायला हवं. मिंट २००६ पासून आहे. सध्याची २२ ही मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. मिंट तीन रूपांत मिळतं. त्यातलं सिनॅमन देखणं आहे पण तुमच्या मशीनला थोडं जड, एक्सएफसीई साधं आणि हलकं. भाच्याला ‘एक्सएफसीई’ हा शब्द आवर्जून सांगा. लुबुंटू हे दुसरं एक लिनक्स याहून थोडं हलकं आहे आणि चांगलंही आहे, पण नवख्या माणसाला अपडेट, ड्रायव्हर, प्रिंटर या गोष्टी मिंटमध्ये जास्त सोप्या सापडतात असा माझा अनुभव आहे. शंभर-दोनशे एमबी वाचवण्यासाठी मी तो सोपेपणा सोडणार नाही.

शाळेचं काम लिनक्सवर कसं होणार, अशी शंका तुमच्या मुख्याध्यापकांना आली तर त्यांना केरळचं सांगा. तिथल्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं लिनक्सवरच शिकवतात, शिक्षकांची प्रशिक्षणंही त्यावरच होतात. आणि आपल्याकडचंही एक सांगते, कारण ते फार कमी जणांना आठवतं. २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा तो लॅपटॉप, ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. आत लिनक्स होतं, त्यावर लहान मुलांसाठी केलेलं शुगर नावाचं रूप. तुमच्या लॅपटॉपची रॅम त्याच्या सोळापट आहे. एका खोलीतल्या शाळेतल्या पोरांनी ते वापरलं, चित्रं काढली, फोटो घेतले. हे मी तुम्हाला धीर द्यायला सांगत नाही, धीर तुमच्याकडे आहेच. छोट्या मशीनला छोट्या मशीनसाठी विचार करून बनवलेली गोष्ट दिली की काय होतं, त्याचं हे आपल्या मातीतलं उदाहरण आहे.

आता तुमच्या कामाकडे येते, कारण खरी परीक्षा तिथे आहे. यू-डायस प्लस, व्हॉट्सअ‍ॅप वेब, यूट्यूब, ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-उपक्रमाचं संकेतस्थळ हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. फायरफॉक्स मिंटमध्ये असतोच, क्रोम हवा तर बसवता येतो. इथे काही शिकायचं नाही.

मराठी टायपिंगबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण ‘शिवाजी’ फॉन्टचा उल्लेख केलात त्यावरून अंदाज येतो. या जुन्या फॉन्टची गोम अशी, की संगणकाच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत असता, फक्त त्या अक्षरांना मराठी वेश चढवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर वेश उतरतो आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात हे नक्की घडलं असेल. जुन्या फाइली उघडण्यासाठी घाबरायचं कारण नाही. विंडोजमधली ‘शिवाजी’ची फॉन्ट फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, ती मिंटमध्येही बसवता येते, आणि मग जुन्या प्रश्नपत्रिका पूर्वीसारख्याच दिसतात.

पण यापुढचं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, लिहा, हा माझा आग्रह आहे. युनिकोडमधली प्रश्नपत्रिका पालकांच्या मोबाइलवर उघडते, शोधली तर सापडते, दहा वर्षांनीही वाचता येते. त्यासाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांतून मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी जोडायची. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं असतात. इंग्रजीच्या ‘के’वर क, ‘जे’वर र, ‘डी’वर पाय मोडायचं चिन्ह. पंधरा दिवस रोज अर्धा तास द्या, फळ्यावर लिहायच्या सुविचारांपासून सुरुवात करा. मोबाइलवर तुम्ही इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवत असाल आणि तसंच हवं असेल, तर तीही सोय मिंटमध्ये बसवता येते, भाचा करून देईल. तरी मी इनस्क्रिप्टच सुचवेन, कारण ती विंडोजमध्येही असते. उद्या केंद्रशाळेतल्या संगणकावर बसलात तरी हात तेच राहतील.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं नेटवर मोफत मिळतात. बदलून झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ती चिन्हं दिसतात त्या क्रमाने टाइप केलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने येतात, त्यामुळे चुका नेमक्या तिथेच होतात.

लिब्रेऑफिस वर्डच्या फाइली उघडतं आणि त्याच रूपात जतनही करतं. एक गोष्ट मात्र तुम्हाला पहिल्याच आठवड्यात बोचेल. दुसऱ्या शाळेतून आलेली फाइल बहुधा ‘मंगल’ फॉन्टमध्ये असते. तो विंडोजसोबत येणारा फॉन्ट, मिंटमध्ये नसतो. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका अडीच पानांची होते. तुमच्या स्वतःच्या प्रश्नपत्रिकांसाठी ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट बसवून घ्या. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला तो फॉन्ट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो, पहिली-दुसरीच्या मुलांना विशेषतः. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत भाषेच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ नावाची जागा आहे, तिथे मराठी निवडा, नाहीतर मराठीचा फॉन्ट बदलताना गोंधळ होतो. आणि बाहेर पाठवायची प्रत नेहमी पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमधलं अक्षर जागचं हलत नाही.

निकालपत्रकाचं थोडं सांभाळून घ्यावं लागेल. तुमचं निकालपत्रक साध्या सूत्रांचं असेल, बेरीज, टक्केवारी, श्रेणी, तर लिब्रेऑफिसमध्ये ते जसंच्या तसं चालेल. पण शिक्षकांच्या गटांत फिरणाऱ्या काही एक्सेल फाइली असतात, बटण दाबलं की सगळ्या वर्गाची प्रगतिपुस्तकं तयार. त्या बटणांमागे मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना, असतात आणि ते एक्सेलसाठीच लिहिलेले असतात. लिब्रेऑफिसमध्ये ते पुष्कळदा अडतात. तुमची फाइल यातली असेल तर वर्षातून दोनदा ते काम शाळेतल्या किंवा मैत्रिणीच्या विंडोजवर करायचं, एवढी तयारी ठेवा. कुणी टॅली वापरत असेल, किंवा डिजिटल सहीची यूएसबी चावी रोज लावत असेल, तर त्याला मी विंडोज सोडायला सांगत नाही. तुमच्या यादीत तसं काही नाही.

हे सगळं ऐकून लगेच काही पुसू नका. लिनक्सची मोठी सोय अशी, की ते न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. भाच्याला कॉलेजच्या नेटवरून मिंट उतरवायला सांगा, साधारण तीन जीबीची फाइल आहे, तुमचा मोबाइल डेटा त्यात घालवू नका. त्याने ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवून द्यायची. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी कंपनीप्रमाणे जे बटण असेल ते दाबलं की कशावरून चालू करू असं तो विचारतो. इथे एक सावधगिरी. सिक्युअर बूट नावाची, लॅपटॉप चालू होतानाच्या सुरक्षेची सेटिंग बदला, असं कुठे वाचाल, ती बदलू नका. मिंट ती चालू असतानाही चालतं. उलट ती बदलली तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ (कुलूप उघडायचा आकडा) मागून अडून बसू शकतं.

पेन ड्राइव्हवरून सगळं संथ चालेल, त्यावरून वेग ठरवू नका. त्या दोन-तीन बैठकांत बघायचं ते हे, की वायफाय जोडलं जातं का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. छोट्या लॅपटॉपमध्ये लिनक्स अडतं ते बहुधा या चारपैकी एका ठिकाणी. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळेल. मग तुमची निकालाची फाइल उघडा, एक ओळ मराठी टाइप करा, आणि शाळेत जाऊन प्रिंटर लावून बघा. पुष्कळ प्रिंटर लगेच ओळखले जातात, पण काही जुन्या लेझर प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर मिळवावा लागतो.

सगळं पटलं तर मग बसवायचं. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स, असा दुहेरी संसार ६४ जीबीत मांडू नका, दोघांचीही उपासमार होईल. पूर्ण मिंटच घ्या. परत विंडोजवर यावंसं वाटलं तर रस्ता बंद होत नाही. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना मशीनमध्येच नोंदलेला असतो, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून प्रत घेऊन ते पुन्हा बसवता येतं.

त्याआधी तुमच्या फाइलींची प्रत काढा. एक नाही, दोन, दोन वेगळ्या जागी. आणि प्रत काढल्यावर दुसऱ्या संगणकावर त्यातल्या चार-पाच फाइली उघडून बघा. हे मी पोटतिडकीने सांगते आहे. माझ्या मावशीचा लॅपटॉप मी असाच नव्याने करून दिला होता. फोटोंची प्रत काढली, उघडून बघितली नाही. अर्धे फोटो त्या पेन ड्राइव्हवर आलेच नव्हते, आणि त्यात काकांचे शेवटच्या वर्षाचे फोटो होते. मावशी मला एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मी दोन प्रतींशिवाय कुणाच्याही मशीनला हात लावत नाही. मुलीचे शाळेतले फोटो, तिच्या वर्गांची रेकॉर्डिंग त्या लॅपटॉपमध्ये कुठेतरी असतील. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्येही बघा.

बसवल्यावर थोडी मांडणी करावी लागते. टाइमशिफ्ट नावाची सोय मिंटमध्ये असते, ती प्रणालीच्या जुन्या स्थितीची प्रत ठेवते. चांगली आहे, पण जागा खाते, म्हणून दोनच प्रती ठेवायला सांगा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून काही घेताना ‘सिस्टिम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’ असे दोन पर्याय दिसले तर सिस्टिम पॅकेज घ्या, फ्लॅटपॅक स्वतःबरोबर बरंच सामान आणतं. झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज बसवून घ्या. ते ओट्यावरच्या न लागणाऱ्या वस्तू दाबून लहान करून ओट्यावरच ठेवतं, म्हणजे फडताळाकडच्या फेऱ्या कमी होतात. चार जीबीच्या मशीनला याचा जाणवण्याइतका उपयोग होतो. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा विस्तार टाका, पानं हलकी होतात आणि डेटाही वाचतो. तुमच्या अकरा इंची पडद्यावर बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपके असतील, म्हणजे यूट्यूब ७२० च्या वर लावून मुलांना तसूभरही जास्त दिसणार नाही. बहुतेक वेळा ४८० पुरतं. फडताळात दहा जीबी नेहमी मोकळे ठेवा. मोठे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर ठेवून तिथूनच चालवा.

तुमच्या ओळखीत कुणाकडे याहून लहान, २ जीबी रॅमचा, अ‍ॅटम प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर त्यांना हे पत्र जसंच्या तसं देऊ नका. तिथे मिंटही जड होतं, अँटीएक्ससारखं खरोखर बारीक अंगाचं लिनक्स लागतं, आणि त्यातल्या काही मशीनमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा पण सुरुवात करून देणारी प्रणाली ३२ बिटची अशी विचित्र जोडी असते, त्यामुळे पेन ड्राइव्ह लावूनही काही उठत नाही. त्यांनी वेगळं पत्र लिहावं.

नवीन रॅम किंवा एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान फडताळ, घालून घेऊ का, असं मनात येईल. या आकाराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डाला चिकटवलेलं असतं. काही मॉडेलमध्ये एसएसडीसाठी एक रिकामी खाच असते. भाच्याने तुमच्या मॉडेलची माहिती शोधून तशी खाच आहे का ते बघावं. असेल तर पैसे साठतील तेव्हा तिथे एक लहान एसएसडी घाला. पैसे खर्च करायचेच असतील तर माझ्या मते तेवढी एकच जागा आहे.

परीक्षेच्या किंवा यू-डायसच्या मुदतीच्या आठवड्यात यातलं काहीही करू नका. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली, भाचा घरी आला, की दोघं मिळून बसा. बटणं त्याला दाबू देऊ नका, तुम्ही दाबा, त्याने शेजारी बसून सांगायचं. पुढच्या वेळी तो कॉलेजला असेल आणि तुम्ही एकट्या असाल.

मला दोन गोष्टी कळवा. शाळेतल्या प्रिंटरचं मॉडेल, ते मागच्या किंवा खालच्या पट्टीवर छापलेलं असतं. आणि तुमच्या निकालपत्रकात बटणं आहेत की नुसती सूत्रं. बटणं असतील तर ती फाइल मुलांची नावं काढून पाठवा, लिब्रेऑफिसमध्ये ती कुठे अडते ते मी बघून सांगते.